दाढीच्या ब्लेडची धार टिकवायला घरातलं काय उपयोगी पडतं, काय नाही?

खरखरीत_हनुवटी (प्रश्न)

दाढीचं ब्लेड जास्त दिवस नीट चालावं म्हणून घरात असलेल्या वस्तूंनी काय काय करता येतं, हे एकदा मुळापासून समजून घ्यायचं आहे. वापरात दोन रेझर आहेत. एक धातूचा सेफ्टी रेझर, त्यात दुधारी ब्लेड बसतं. दुसरा पाच पात्यांच्या कार्ट्रिजचा, तो प्रवासाच्या बॅगेत जातो. दोन्हींचं दुखणं एकच. पहिल्या दोन दाढ्या लोण्यासारख्या होतात, तिसऱ्या-चौथ्या वेळी हनुवटीवर केस ओढले जायला लागतात आणि वरच्या ओठाशी आग होते.

सापडलेले उपाय एकमेकांच्या विरुद्ध जातात. कुणी ब्लेड तेलात बुडवून ठेवायला सांगतं, कुणी स्पिरिटमध्ये. कुणी जुन्या जीन्सवर घासा म्हणतं, कुणी काचेच्या ग्लासाच्या आतल्या बाजूला. व्हिनेगर आहे, टूथपेस्ट आहे, बॅगेत नेताना बाइंडर क्लिप लावा असंही आहे.

म्हणून विचारतो: ब्लेड नक्की जातं कशाने, गंजाने की केसांनी? दाढी चालू असताना त्याला जपायचं म्हणजे काय करायचं? आणि वरच्या वस्तूंपैकी कशाने फायदा होतो, कशाने नुकसान? शक्य असेल तिथे प्रमाण आणि वेळही सांगा.

---

लोहमिश्र

तुमच्या पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातच बाकीची उत्तरं दडलेली आहेत, म्हणून आधी तेवढंच नीट सांगतो.

दुधारी ब्लेडची जाडी जेमतेम ०.१ मिलिमीटर. धारेचं टोक, ब्लेड नवं असताना, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास बारीक असतं. पोलाद स्टेनलेस, त्यात साधारण १३ टक्के क्रोमियम, आणि धारेवर टेफ्लॉनच्या जातीचा पातळ लेप. आता केस पाहा. केसापेक्षा हे पोलाद सुमारे पन्नासपट कठीण आहे. मग इतका मऊ केस पोलादाला पुरून कसा उरतो?

२०२० साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात याचं उत्तर दिलं. केस कापला जात असताना त्यांनी धार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. धार नुसती घासली जाऊन गोल होत असेल असं वाटतं, पण तिथे टवके उडालेले दिसले. केस ताठ न राहता वाकतो, धारेला तिरका भिडतो, आणि नेमकं त्याच ठिकाणी पोलादाच्या घडणीत कठीण-मऊ असा फरक असला की बारीक चीर जाते आणि कपचा निघतो. म्हणजे ब्लेडचं बरंचसं आयुष्य दाढी चालू असतानाच खर्च होतं. दाढीनंतर ते कसं ठेवलं हा मुद्दा त्याच्या मागून येतो. स्टेनलेसच्या आधीची साध्या कार्बन पोलादाची ब्लेडं ओली राहिली तर एका रात्रीत गंजायची. ‘ब्लेड पुसून कोरडं करा’ हा सल्ला त्या काळापासून चालत आला आहे. १९६० नंतरच्या दशकात स्टेनलेस ब्लेडं सगळीकडे रुळली, सल्ला मात्र तोच राहिला.

तेव्हा ब्लेड जपायची सगळ्यात उपयोगी वस्तू गरम पाण्यात पिळलेला नॅपकिन. केसाला पाणी प्यायला दोन ते तीन मिनिटं लागतात. पाणी प्यायलेला केस कापायला कोरड्या केसापेक्षा कितीतरी कमी जोर लागतो. पण दाढीच्या केसांवर त्वचेचं तेल असतं आणि ते पाण्याला आत जाऊ देत नाही. म्हणून आधी साबणाने तोंड धुवा. दिवसभराची धूळही त्यातच निघून जाते, आणि धूळ म्हणजे ब्लेडसाठी वाळूच. मग हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात, ४० अंश सेल्सिअसच्या आसपास, नॅपकिन बुडवून हलका पिळा आणि दाढीवर धरा. मिनिटभरात तो निवतो, म्हणून पुन्हा एकदा बुडवा. एकूण दोन-तीन मिनिटं झाली पाहिजेत. त्यानंतर तोंड पुसायचं नाही. इथेच बहुतेक जण चुकतात: नॅपकिन ठेवला की सवयीने टॉवेलने तोंड टिपून घेतात आणि केलेलं पाण्यात जातं.

फेस कोरडा असला तरी ब्लेडवर मार बसतो. तो ओळखायची खूण सोपी आहे. गालावरचा फेस आरशात बघा. त्याला दह्यासारखी ओलसर चकाकी हवी. तो कापसासारखा पांढराशुभ्र, कोरडा, टोकं काढून उभा दिसत असेल तर ब्रशच्या टोकाला तीन-चार थेंब पाणी लावून पुन्हा घोळवा. हवेने फुगलेला जाड थर दिसायला छान दिसतो, पण ब्लेडखाली सरकायला त्यात पाणीच नसतं.

पहिला हात गालावर, मग मान, आणि हनुवटी व वरचा ओठ शेवटी. तिथले केस सगळ्यात जाड असतात, त्यांना भिजायला जितका जास्त वेळ मिळेल तितकं चांगलं. तीन मिलिमीटरपेक्षा वाढलेली दाढी आधी ट्रिमरने किंवा कात्रीने उतरवून घ्या. लांब केस जास्त वाकतो, आणि वाकलेला केस काय करतो ते वर आलंच आहे.

---

मगभर_पाणी

लोहमिश्र यांच्याशी सहमत. ‘दाढी चालू असताना’ या भागात एक भर घालतो, कारण केसांइतकीच धार खराब करणारी एक गोष्ट सगळ्यांच्या हातून होते: रेझर बेसिनच्या कडेवर टकटक आपटून केस झटकणं. सिरॅमिक पोलादाला भारी पडतं. धातूच्या रेझरमध्ये ब्लेडची धार डोक्याच्या दोन्ही बाजूंनी किंचित बाहेर आलेली असते. कडेला ती एकदा जरी टेकली तरी तेवढ्या जागी धार मुडपते, आणि मग दर हाताला त्याच रेषेत त्वचेवर ओरखडा उठतो. कार्ट्रिजमध्ये धार आत असल्याने ती वाचते, पण आपटून आपटून पाती धरणाऱ्या क्लिपा ढिल्या होतात आणि पाती खालीवर होतात.

यावर इलाज म्हणजे प्लास्टिकचा मग. स्टीलचा नको, काचेचा नको, कारण रेझर खळबळताना डोकं कडेला लागतंच. स्टीलचाच मग असेल तर जुनी मऊ रबरी नळी चार-पाच सेंटिमीटर कापून लांबीत चिरा आणि मगाच्या ओठावर बसवा. मगात तीन-चतुर्थांश गरम पाणी घ्या. दर दोन-तीन हातांनंतर रेझर त्यात बुडवून डावीकडून उजवीकडे सात-आठ वेळा हलवा. पाणी धारेच्या बाजूने शिरून पाठीमागून बाहेर पडलं पाहिजे, नुसतं वर-खाली बुचकळून पात्यांमधले केस निघत नाहीत. मगातलं पाणी साबणाने दाट झालं की बदला, नाहीतर धुतलेला गाळ पुन्हा पात्यांत जाऊन बसतो. दोन मग ठेवता आले तर उत्तम: पहिल्यात गाळ सोडायचा, दुसऱ्यात विसळायचं.

बेसिनच्या तळाशी ओला नॅपकिन दुहेरी घडी करून पसरून ठेवा. साबणाच्या हातातून रेझर सटकतोच. नॅपकिनवर पडला तर धार वाचते. फक्त पाणी जायच्या तोंडावर नॅपकिन येऊ देऊ नका.

सेफ्टी रेझरवाल्यांसाठी: केस अडकून राहिले असतील तर मूठ अर्धा फेरा सैल करा, नळाच्या धारेखाली धरा, पुन्हा घट्ट करा. ब्लेड बाहेर काढून बोटांनी पुसू नका. टिश्यूने, टॉवेलने तर मुळीच नाही. कापडाचे तंतू धारेत अडकतात, ओढताना लेप खरवडला जातो, आणि बोट कापायची भीती वेगळीच.

---

थेंबथेंब

आता दाढीनंतरचं. गंज हा मुख्य शत्रू नाही हे मान्य, पण तो अजिबात नाही असंही समजू नका. १३ टक्के क्रोमियम असलं तरी या पोलादात कार्बनही बराच असतो, आणि काही क्रोमियम त्या कार्बनला चिकटून कार्बाइड बनून बसतं. गंजापासून राखायला मग कमी उरतं. त्यामुळे स्वयंपाकघरातल्या साध्या स्टीलच्या भांड्याइतकं हे ब्लेड निर्धास्त नसतं. पाणी खारट असेल किंवा घामाचं मीठ राहिलं असेल तर बारीक खड्डे पडतात. धारेवर पडलेला सूक्ष्म खड्डा म्हणजे पुढच्या टवक्याची सुरुवात.

पाणी टिकून राहतं ते ब्लेड आणि रेझरचं डोकं यांच्यामधल्या फटीत. म्हणून तांबूस ठिपके बहुधा मधल्या भोकांच्या कडेला आधी दिसतात. शेवटचं विसळून झालं की रेझर मुठीला धरून चार-पाच वेळा जोरात झटका, मूठ पाव फेरा सैल करा आणि रेझर उभा ठेवा, डोकं वर. बाथरूमच्या बंद कपाटात किंवा शॉवरच्या खाली नको. एवढं केलं तरी पुष्कळ होतं.

यापुढे जायचं असेल तर दोन रस्ते आहेत.

पहिला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा. छोट्या झाकणाच्या काचेच्या बरणीत डोकं बुडेल इतकं घ्या. झटकलेला रेझर १५ ते २० सेकंद आत धरून हलवा, बाहेर काढून उभा ठेवा. अल्कोहोल फटीतलं पाणी स्वतःत ओढून घेतं आणि उडून जातं. इथे टक्केवारी महत्त्वाची आहे. ७० टक्क्यांचं जंतू मारायला चांगलं, पण त्यात ३० टक्के पाणी आहे, आणि आधी उडतं ते मुख्यतः अल्कोहोल. मागे पाणीच उरतं. सुकवण्यासाठी ९० टक्क्यांच्या वरचं घ्या. दर बुडवणीला त्यात थोडं पाणी मिसळत जातं, म्हणून पंधरा-वीस वेळा वापरलं की बदला. स्पिरिट वापरत असाल तर लेबल वाचा, काहींमध्ये एरंडेलासारखं तेल मिसळलेलं असतं. हँड सॅनिटायझरची जेल चालत नाही, त्यातला घट्टपणा आणणारा पदार्थ ब्लेडवर वाळून बसतो. बरणीचं झाकण बंद हवं आणि आसपास ज्योत नको. अ‍ॅक्रिलिकची पारदर्शक मूठ असेल तर ती अल्कोहोलमध्ये बुडवू नका, तिला बारीक चिरा पडतात.

दुसरा रस्ता तेलाचा. तेल मिनरल ऑइल हवं, म्हणजे बेबी ऑइल म्हणून मिळतं ते. स्वयंपाकाची बहुतेक तेलं हवेत हळूहळू चिकट होतात आणि धारेवर गोंदासारखी पापुद्री धरतात. सूर्यफूल, सोयाबीन, जवस यांत हे जास्त. खोबरेल तेल तसं चिकट होत नाही, पण २४ अंशांच्या खाली गोठतं आणि फटीत पोचत नाही.

तेलात बुडवून ठेवणाऱ्यांकडून नेमकी एक चूक होते. पाणी तेलापेक्षा जड. ओल्या रेझरवरचं पाणी थेंबथेंब ओघळून पेल्याच्या तळाशी जमतं. रेझर डोक्यावर उभा केला असेल तर वरून सगळं तेल दिसतं आणि धार मात्र तळाच्या पाण्याच्या थरात रात्रभर उभी असते. काचेचा पेला उजेडासमोर धरलात तर तळाशी ही रेष स्पष्ट दिसते. म्हणून तळाशी प्लास्टिकच्या बाटलीची दोन बुचं उपडी ठेवा आणि डोकं त्यांच्यावर टेकवा, शिवाय रेझर आधी झटकून घ्या. महिन्यातून एकदा तेल दुसऱ्या भांड्यात हळूच ओतून तळचं पाणी फेकून द्या.

खरं तर बुडवायची गरजच नाही. अल्कोहोलने सुकलेल्या ब्लेडच्या दोन्ही बाजूंना कानाच्या काडीने एकेक थेंब तेल लावलं तरी पुरतं. काडी नेहमी ब्लेडच्या मधल्या बाजूकडून धारेकडे न्यायची, धारेवरून आडवी नाही. पुढच्या दाढीआधी गरम पाण्याखाली, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून, तेल धुऊन काढायला विसरू नका. तेल राहिलं तर फेस टिकत नाही.

---

पाचपाती

थेंबथेंब यांचा तेलाचा सल्ला दुधारी ब्लेडला लागू, कार्ट्रिजला जशाचा तसा लावू नका. कार्ट्रिजच्या पुढच्या बाजूला रबरासारख्या मऊ पट्ट्या असतात. मिनरल ऑइलमध्ये किंवा पेट्रोलियम जेलीत त्या फुगतात, लिबलिबीत होतात आणि कडेने सुटतात. वरची गुळगुळीत पट्टी पाण्यात विरघळणारी असते, ती अल्कोहोलमध्ये बराच वेळ राहिली तर कडक होऊन तडकते.

कार्ट्रिजसाठी क्रम असा ठेवा: नळाच्या धारेखाली आधी पाठीकडून, मग पुढून, दहा-दहा सेकंद. झटका. पसरलेल्या टॉवेलवर तोंड खाली करून नुसतं दाबा, दोन-तीन जागी, सरकवायचं नाही. अल्कोहोल घ्यायचंच तर पाच सेकंदांची बुडी. हेअर ड्रायर असेल तर थंड हवेवर हातभर अंतरावरून दहा सेकंद. गरम हवा नको, पट्ट्यांचा गोंद मऊ होतो.

पाच पात्यांमध्ये अंतर इतकं कमी असतं की खुंट आणि साबण तिथे वाळून सिमेंट होतो. आठवड्यातून एकदा जुन्या मऊ टूथब्रशने, भांड्यांच्या साबणाच्या थेंबासह, पाठीच्या बाजूने घासा. पुढून घासलंत तर ब्रशचे दात कापले जातील आणि तुकडे आत अडकतील. पुष्कळदा बोथट म्हणून टाकलेलं कार्ट्रिज नुसतं तुंबलेलं असतं.

---

खरखरीत_हनुवटी

खूप नेमकं मिळालं, आभार. तेलाखालच्या पाण्याची गोष्ट तर लक्षातच आली नव्हती. दोन-तीन गोष्टी अजून बाकी आहेत: जीन्स, काचेचा ग्लास, व्हिनेगर आणि बॅगेतली बाइंडर क्लिप. इथलं पाणी जड आहे, बादलीला पांढरे डाग पडतात. त्याचा ब्लेडशी संबंध आहे का?

---

लोहमिश्र

जीन्स आणि ग्लास यांचं सांगतो, दोन्हींचा वंश वस्तऱ्याच्या चामडी पट्ट्याचा.

काचेचा ग्लास जुना आहे आणि त्याच्या काळात खरोखर उपयोगी होता. कार्बन पोलादाचं ब्लेड ओलं करून ग्लासाच्या आतल्या गोल भिंतीवर बोटाने दाबून मागेपुढे फिरवायचे. आतली वक्र भिंत लवचिक ब्लेडला बरोबर धारेच्या कोनात टेकवते, आणि काच धारेला हलकी घासते. त्या ब्लेडांवर लेप नव्हता. आजच्या ब्लेडवर हेच केलं तर पहिल्या चार-पाच फेऱ्यांत लेप निघतो, आणि लेपाखालची नुसती पोलादी धार केसाला जास्त अडते. म्हणजे धार लागली असं वाटतं आणि दाढी आधीपेक्षा खरखरीत होते. करू नका.

जीन्सचं थोडं वेगळं आहे. वस्तरा पट्ट्यावर ओढला की मुडपलेली बारीक धार सरळ होते. उडालेला टवका मात्र कशानेच भरून येत नाही, धारेचं तेवढं पोलादच गेलेलं असतं. कार्ट्रिजमधली पाती थोडी आत असल्यामुळे कापड त्यांना हलकंसं लागतं, आणि फायदा होतो तो मुख्यतः वाळलेला साबण व पाण्याचा थर निघण्याचा. करायचंच तर धुतलेल्या जुन्या जीन्सचा पाय टेबलावर सपाट पसरा, शिवण आणि बटणं टाळा. पूर्ण कोरडा रेझर दाढीच्या उलट दिशेने, म्हणजे पाठ पुढे आणि धार मागे अशी ठेवून, १० ते १५ वेळा ढकला. जोर रेझरच्या वजनाइतकाच. दिशा चुकली तर कापड चिरेल आणि पातं मुडपेल. मग फुंकर मारून तंतू काढा. आठवड्यातून एकदा पुरे, रोज केलं तर लेप लवकर जातो. ज्याचं कार्ट्रिज टूथब्रशने स्वच्छ होतं त्याला जीन्सची गरज उरत नाही, असं माझं मत. दुधारी ब्लेड जीन्सवर घासू नका, त्याची धार बाहेर असते आणि कोन हाताने सांभाळता येत नाही.

हातावरच्या त्वचेवर उलटा रेझर फिरवायचाही एक उपाय सांगितला जातो. त्यात नेम चुकला तर कापड नाही, मनगट समोर असतं.

टूथपेस्ट आणि बेकिंग सोडा दोन्ही घासणारे पदार्थ. रेझरची मूठ चकाकवायला ठीक, धारेजवळ नकोत.

---

मगभर_पाणी

जड पाण्याचा संबंध आहे, थेट आहे. जड पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून न विरघळणारा पांढरा साका होतो. बादलीवर दिसतो तोच धारेवर बसतो. वर पाणी वाळलं की चुना उरतो. धार शाबूत असली तरी तिच्यावर खडबडीत पापुद्रा बसला की केस ओढले जाणारच. शिवाय जड पाण्यात फेसही नीट होत नाही, म्हणजे लोहमिश्र यांनी सांगितलेला कोरडा फेस आपोआप वाट्याला येतो.

पांढरं व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात, म्हणजे अर्धा कप प्रत्येकी. नुसतं ब्लेड किंवा कार्ट्रिज त्यात पाच मिनिटं, फार तर दहा. टूथब्रश पाठीकडून फिरवून भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच सुकवा. व्हिनेगर नसेल तर कपभर पाण्यात एक छोटा चमचा सायट्रिक अ‍ॅसिड. रात्रभर ठेवू नका. आणि रेझरचं डोकं सोबत बुडवू नका: स्वस्तातली डोकी जस्ताच्या मिश्रधातूची असतात, वर क्रोमचा मुलामा. मुलाम्याला एक ओरखडा असला तरी आम्ल आत शिरून धातू खातं आणि मुलामा फोडासारखा उठतो.

पांढरे डाग काढायला ब्लीच मात्र कधीही घेऊ नका. त्यातलं क्लोरीन ब्लेडला खड्डे पाडतंच, पण ते व्हिनेगरमध्ये मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये हा जिवाशी खेळ आहे.

तुरटी लावत असाल तर तीही लक्षात ठेवा. तुरटीचं पाणी आम्लधर्मी असतं. तुरटी फिरवल्यावर त्याच हाताने ब्लेड धरू नका आणि तुरटीच्या पाण्याच्या वाटीत रेझर विसळू नका.

रोजच्यासाठी सोपा उपाय म्हणजे शेवटचं विसळणं गाळलेल्या, क्षार काढलेल्या पाण्याने करणं. आरओचं असलं तरी चालतं. अर्धी वाटी पुरते. वाळल्यावर चुना उरतच नाही.

---

पाचपाती

बाइंडर क्लिप चांगली आहे, फक्त बहुतेक चित्रांमध्ये ती चुकीची लावलेली दिसते.

कार्ट्रिजचं डोकं साधारण चार सेंटिमीटर रुंद असतं, म्हणून क्लिप पाच सेंटिमीटरची घ्या, त्याहून लहान नको. क्लिपचा आडवा छेद त्रिकोणी असतो. त्या त्रिकोणाच्या पोकळीत डोकं मोकळं बसलं पाहिजे आणि क्लिपचे दोन्ही ओठ मुठीच्या मानेवर मिटले पाहिजेत. ओठ पात्यांवर मिटले तर ती स्प्रिंग इतकी कडक असते की पातीच दाबली जातात आणि मऊ पट्ट्या चेपतात. लावताना तारेचे कान दाबून क्लिप पूर्ण उघडा, डोकं आत सरकवा, मग हळू सोडा. सोडताना क्लिप धारेवरून घसरू देऊ नका. मग तारेचे दोन्ही कान मुठीकडे पाडून ठेवा, म्हणजे बॅगेत कशाला अडकून क्लिप उघडणार नाही. मान जाड असल्याने ओठ मिटतच नसतील तर ती क्लिप त्या रेझरसाठी नाही.

क्लिपचं काळं पोलाद साधं असतं, रंग उडाला की गंजतं. ओला रेझर आत ठेवला तर गंजाचा डाग कार्ट्रिजवर येतो. कोरडा झाल्याशिवाय कोणतंही झाकण नको, मग ते क्लिपचं असो, चामड्याचं असो की प्लास्टिकचं. घाईत ओलाच भरावा लागला तर झाकणाऐवजी सुती मोज्यात गुंडाळा आणि पोचल्यावर आधी बाहेर काढा.

सेफ्टी रेझरसाठी क्लिप नको. ब्लेड काढून त्याच्या मेणकागदात परत घाला आणि छोट्या डबीत ठेवा, रेझर वेगळा. मेणकागद फाटला असेल तर पोस्टकार्डाइतक्या जाड कागदाची दुहेरी घडी चालते, घडीची बाजू धारेकडे नको, म्हणजे ब्लेड आडवं सरकलं तर धार घडीवर आपटणार नाही. डबीत नव्या बुटांच्या खोक्यात येते ती सिलिका जेलची पुडी टाका. उघडी पुडी काही आठवड्यांत ओल पिऊन भरते. पुडी कापून दाणे ताटलीत पसरून ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर तास-दोन तास ठेवले की ते पुन्हा कामाला येतात, मग त्यांना कापडाच्या पुरचुंडीत बांधा.

---

खरखरीत_हनुवटी

शेवटचं एक. ब्लेड तुंबलंय, त्याच्यावर चुना बसलाय की ते खरंच संपलंय, हे न लावता कसं ओळखायचं? आणि मधल्या भोकाशी तांबूस ठिपका आला तर ते वापरावं का?

---

थेंबथेंब

आधी भांड्यांचा साबण आणि टूथब्रश, मग व्हिनेगरची पाच मिनिटं. ओढणं थांबलं तर मळ होता. तरी ओढत असेल तर धारच गेली.

बघून ओळखायचं असेल तर ब्लेड दिव्याखाली धरा, धार तुमच्याकडे करून, आणि हळूहळू वर-खाली कलवा. शाबूत धार दिसतच नाही, कारण उजेड परत फेकायला तिला रुंदीच नसते. जिथे बारीक पांढरी ठिणगी चमकते तिथे टवका उडालेला आहे किंवा धार मुडपली आहे. हनुवटीसाठी वापरता तो कोपरा आधी बघा, ठिणग्या बहुधा तिथे जास्त असतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग असेल तर आणखी स्पष्ट दिसतं. अंगठा फिरवून धार बघू नका. दुधारी ब्लेडची एकच बाजू चमकत असेल तर रेझरवर नेलपॉलिशचा ठिपका देऊन पुढच्या वेळी दुसरी बाजू जास्त वापरा. दर वेळी रेझर त्याच बाजूने उचलायची हाताला सवय असते, त्यामुळे एक धार संपते आणि दुसरी अर्धी शिल्लक राहते.

ठिपका भोकाशी असेल आणि धारेपर्यंत पोचला नसेल तर दाढीला अडचण नाही, पण तुमची सुकवायची पद्धत कमी पडते आहे एवढं त्यावरून समजा. धारेवर तांबूस रेघ दिसली तर ते ब्लेड गेलं.

टाकताना कागदात गुंडाळून केराच्या पिशवीत टाकू नका, ते पिशवी चिरून कचरा उचलणाऱ्याच्या हातात जातं. झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या, झाकणाला चार सेंटिमीटर लांब आणि दोन-तीन मिलिमीटर रुंद फट पाडा, झाकण चिकटपट्टीने पक्कं करा आणि ब्लेडं त्या फटीतून आत सोडत जा. दुधारी ब्लेड सव्वाचार सेंटिमीटरच्या आसपास लांब असतं पण रुंदीला सव्वादोन सेंटिमीटरच, त्यामुळे ते आडवं न घालता अरुंद बाजूने घाला. कार्ट्रिज फटीतून जाणार नाही, त्यासाठी रुंद तोंडाची जाड प्लास्टिकची बाटली वेगळी ठेवा. डबा किंवा बाटली तीन-चतुर्थांश भरली की तोंड पूर्ण बंद करा आणि वरून ठळक अक्षरांत ‘ब्लेड’ लिहून मगच द्या.